चार वाजता ऑर्मंड हॉटेलात: जॉइसच्या गद्यातला एक आवाज

घटना म्हणाल तर जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ या कादंबरीतल्या ऑर्मंड हॉटेलात त्या दुपारी फारसं काही घडत नाही. तारीख १६ जून १९०४, वेळ चारच्या आसपास, जागा डब्लिनमध्ये लिफी नदीच्या धक्क्यावरची. बारच्या काउंटरमागे मिस डूस आणि मिस केनेडी उभ्या आहेत, एकीचे केस तांबूस, दुसरीचे सोनेरी. शेजारच्या दालनात नुकताच सूर लावून घेतलेला पियानो. त्याच्या पलीकडे जेवणाची खोली, आणि तिथे लिओपोल्ड ब्लूम रिची गोल्डिंग नावाच्या ओळखीच्या माणसासोबत कलेजी आणि बेकन खात बसला आहे. दार उघडं ठेवल्यामुळे पलीकडचं गाणं त्याला ऐकू येतं. मंडळी येतात, पितात, दोन मोठी गाणी होतात, मंडळी पांगतात. ब्लूम चोरून एक पत्र लिहितो, बिल चुकवतो आणि बाहेर पडतो.

खरी घटना या खोल्यांमध्ये नाहीच. ब्लूमची बायको मॉली गायिका आहे. तिच्या मैफलींचा दौरा ठरवणारा ब्लेझेस बॉयलन चार वाजता तिला भेटायला घरी, ७ एकल्स स्ट्रीटला, जाणार आहे. भेट गाण्यांच्या यादीपुरती नसणार, हे ब्लूमला पक्कं ठाऊक आहे. वाटेत बॉयलन ऑर्मंडमध्ये एक पेला घ्यायला थांबतो आणि निघून जातो. ब्लूम त्याला अडवत नाही, त्याच्या मागे जात नाही, घरीही परतत नाही. ‘युलिसिस’ एवढी जाडजूड कादंबरी, पण त्या दुपारी एकल्स स्ट्रीटवरच्या खोलीत काय झालं याचं प्रत्यक्ष दृश्य तिच्यात लेखक कुठेही आपल्यासमोर उभं करत नाही. तरीही ‘सायरन्स’ (गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या ग्रीक पुराणकथेतल्या स्त्रिया) हे अकरावं प्रकरण वाचून संपवणाऱ्याला आपण तिथपर्यंत जाऊन आलो असं वाटतं. माझ्या मते याचं कारण असं की जॉइसने ती घटना सांगण्याचं काम आवाजांकडे सोपवलं. या गद्यात जे काव्य आहे ते त्या कामातून आलेलं आहे, अलंकार म्हणून वरून चढवलेलं नाही.

हे प्रकरण जॉइसने १९१९ मध्ये झुरिकमध्ये पूर्ण केलं. त्याच वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ते ‘द लिटल रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकात आलं, आणि १९२२ मध्ये पॅरिसमधून पुस्तकात. जॉइस स्वतः चांगला टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा गायक होता, तरुणपणी डब्लिनच्या गायनस्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवलं होतं. ते वर्षही १९०४च. प्रकरणातली गाणी त्याला तोंडपाठ होती, हे पानोपानी कळतं.

प्रकरण उघडलं की पहिल्या साठेक ओळी काहीच कळत नाहीत. ‘ब्राँझ बाय गोल्ड हर्ड द हूफआयर्न्स, स्टीलीरिंगिंग.’ लगेच खाली: ‘इम्पर्थ्न्थ्न थ्न्थ्न्थ्न.’ मग कुठे नखाचे कपचे, कुठे गुलाब, कुठे टाळ्या, एक नुसतं ‘टॅप’, आणि शेवटी ‘डन. बिगिन!’ इथे पुस्तक मिटून ठेवणारे कितीतरी असतील आणि मी त्यांना दोष देणार नाही. या ओळी म्हणजे पुढे येणाऱ्या वाक्यांचे तुटके अंश आहेत, आपापल्या संदर्भातून उपटून आधीच कानावर घातलेले. ऑपेरा सुरू होण्याआधी वाद्यवृंद पुढच्या चिजांचे तुकडे वाजवतो, तोच हा प्रकार. पहिल्यांदा वाचणाऱ्याने या साठ ओळी मोठ्याने वाचाव्यात, अर्थाच्या मागे लागू नये आणि पुढे जावं. पुढे तोच तुकडा भेटला की कान आधी ओळखतो, डोकं मागून येतं. ‘इम्पर्थ्न्थ्न’चा खुलासा दोन-तीन पानांतच होतो. हॉटेलातला एक आगाऊ पोऱ्या मिस डूसने सुनावलेल्या ‘उद्धट’ या अर्थाच्या शब्दाची नाकातून नक्कल करत पळतो. शब्दाच्या शेवटाकडचे स्वर गळून गेले आणि उरली ती फुरफुर.

या सुरुवातीतच एक खेळी आहे जी देवनागरीत लिहिल्यावर जास्त उघडी पडते. ‘अ हस्की फाइफनोट ब्लू. ब्लू. ब्लू ब्लूम इज ऑन द.’ इंग्रजीत पहिले दोन ‘ब्लू’ म्हणजे फुंकणं आणि तिसरा म्हणजे निळा, स्पेलिंगं वेगळी. आपल्या लिपीत तिन्ही एकच. बासरीची फुंकर, रंग आणि नायकाचं नाव एका स्वरात मिसळतात, आणि हा नायक अजून हॉटेलात आलेलासुद्धा नाही. पुढे प्रकरणभर ‘ब्लू’ हा ध्वनी आला की ब्लूमची चाहूल लागते.

आता मुख्य आवाजाकडे. बॉयलन ज्या घोडागाडीतून फिरतो तिच्या साजाचा किणकिणाट जॉइस एकाच शब्दात पकडतो: ‘जिंगल’. सुरुवातीच्या ओळींतच तो येतो, ‘जिंगल जिंगल जॉन्टेड जिंगलिंग’. मग बारमध्ये गप्पा चालू असताना मध्येच एखादी एकटी ओळ टपकते: गाडी जवळ येते आहे. बॉयलन येतो, पेल्यातलं पेय घशाखाली घालतो, लेनेहन नावाच्या मित्राच्या आग्रहावरून मिस डूस आपल्या मोज्याचा इलॅस्टिकचा पट्टा ताणून मांडीवर ‘स्मॅक’ असा वाजवून दाखवते, आणि बॉयलन घाईघाईने उठतो. त्यानंतरची ओळ अशी: ‘ब्लूम हर्ड अ जिंग, अ लिट्ल साउंड. हीज ऑफ.’ शब्दसुद्धा अर्धा झाला आहे. जिंगलचा नुसता ‘जिंग’ राहिला, कारण भिंतीपलीकडून तेवढाच ऐकू येतो. पुढे: ‘लाइट सॉब ऑफ ब्रेथ ब्लूम साय्ड ऑन द सायलेंट ब्लूह्यूड फ्लॉवर्स.’ हलक्या हुंदक्यासारखा श्वास निळसर फुलांवर सोडला, एवढाच अर्थ. पण स आणि ल किती वेळा येतात पाहा, आणि मध्येमध्ये ब. ब्लूमच्या नावातली ब आणि ल ही दोन व्यंजनं सगळ्या वाक्यात उधळलेली आहेत. दुःख हा शब्द न वापरता वाक्य सुस्कारा टाकतं.

या जागेपर्यंत ‘जिंगल’ हा कथेतल्या जगातला आवाज होता, कुणालाही ऐकू येईल असा. गाडी निघून गेली, आता तो थांबायला हवा. तो थांबत नाही. जेवणघरात ब्लूम खातो आहे, पलीकडे पियानो वाजतो आहे, आणि परिच्छेदांच्या फटीतून ‘जिंगल’ येतच राहतो, दर वेळी शहरात थोडा पुढे सरकलेला. एका ठिकाणी तर पूर्ण वाक्य आहे: ‘बाय बॅचलर्स वॉक जॉगजॉन्टी जिंगल्ड ब्लेझेस बॉयलन, बॅचलर, इन सन, इन हीट, मेअर्स ग्लॉसी रम्प अट्रॉट, विथ फ्लिक ऑफ व्हिप, ऑन बाउंडिंग टायर्स.’ हे वाक्य मनात वाचून उपयोग नाही. ब च्या ठोक्यावर ठोके पडतात, मधल्या स्वल्पविरामांवर घोडीचे खूर पडतात, ‘इन सन, इन हीट’ला तर सरळ दुडकी चाल आहे. गाडीचा वेग, बॉयलनचा माज आणि उतावीळपणा सगळं त्या चालीतच आहे, त्याच्या मनात काय चाललंय हे जॉइसला वेगळं सांगावं लागत नाही.

हा ‘जिंगल’ आता ऐकतो कोण? ऑर्मंडमध्ये बसलेल्या कुणालाही तो ऐकू येणं शक्य नाही. ब्लूम मनातल्या मनात रस्ता मोजतो आहे असं म्हणता येईल, पण वाक्यात त्याला माहीत नसणारे तपशील आहेत: गाडीचा क्रमांक, गाडीवानाचं नाव आणि पत्ता. निवेदक सांगतो आहे म्हणावं, तर निवेदक असा मध्येच एका शब्दाने तोंड घालत नाही. मला वाटतं, आवाज कुणाचा हे ठरू न देण्यातच जॉइसची कमाल आहे. ब्लूम स्वतःला त्या भेटीचा विचार करू देत नाही. तो जेवणावर, गाण्यावर, पत्रावर लक्ष ठेवतो. त्याने दाबून ठेवलेलं सगळं गद्याच्या पोतातून वर येतं. तो ऐकत नाही, आपल्याला ऐकावं लागतं.

आणि हा आवाज आपण आधी ऐकलेला असतो. कितीतरी पानं मागे, चौथ्या प्रकरणात, सकाळी मॉली अंथरुणात कूस बदलते तेव्हा पलंगाच्या सैल झालेल्या पितळी कड्या वाजतात, आणि तिथे क्रियापद आहे ‘जिंगल्ड’. त्या नीट बसवून घ्यायला हव्यात, असं ब्लूमच्या मनात येतं, आणि ते काम राहून जातं. म्हणजे बॉयलनची गाडी जो आवाज करत एकल्स स्ट्रीटकडे चालली आहे, तो ती जिथे पोचायची आहे तिथल्या पलंगाचाच आवाज आहे. लेखक याकडे बोट दाखवत नाही. चौथ्या प्रकरणातला शब्द अकराव्यात वाजतो आणि ज्याच्या कानात तो राहिला असेल त्याच्या पोटात गोळा येतो. यमकाची अशी कामगिरी मी दुसऱ्या कुठल्या गद्यात पाहिलेली नाही: दोन टोकांत अडीच-तीनशे पानांचं अंतर, आणि जुळतो तो कथानकाचा सांधा. शेवटच्या, अठराव्या प्रकरणात मॉली रात्री जागी पडून स्वतःशी बोलते तेव्हा याची साक्ष मिळते. तिची तक्रार अशी की मेल्या जुन्या पलंगाचा किणकिणाट इतका, की पार्कच्या पलीकडच्यांनाही ऐकू गेलं असेल, शेवटी गोधडी जमिनीवर अंथरावी लागली.

‘जिंगल’ला उत्तर देणारा दुसरा आवाज म्हणजे ‘टॅप’. पियानोला सूर लावून गेलेला आंधळा तरुण आपला स्वरकाटा ऑर्मंडमध्येच विसरला आहे आणि तो न्यायला काठी टेकत परत येतो आहे. बॉयलन एकल्स स्ट्रीटच्या दारावर टकटक करतो त्याच सुमारास काठीचा पहिला ‘टॅप’ ऐकू येतो. मग दोन, तीन, पुढे आणखी. दालनात त्या वेळी बेन डॉलार्ड ‘द क्रॉपी बॉय’ म्हणतो आहे. आयर्लंडमधल्या १७९८च्या बंडातला कोवळा मुलगा पाद्री समजून ज्याच्यापुढे कबुली देतो तो वेषांतर केलेला शत्रू निघतो, अशी त्या गाण्याची गोष्ट. विश्वासघाताचं गाणं रंगात आलेलं आणि त्यात काठीचे ठोके वाढत चाललेले.

हे दोन शब्द शेजारी ठेवून उच्चारून पाहावेत. ‘जिंगल’ची सगळी व्यंजनं घोष, मध्ये अनुनासिक. शब्द संपल्यावरही तोंडात गुंजत राहतो. ‘टॅप’ची दोन्ही टोकं अघोष स्पर्श: जीभ लागली, ओठ मिटले, खेळ खलास. एक आवाज पसरतो आणि दुसरा जागच्या जागी तुटतो. दोन्ही दिशाही उलट्या, बॉयलन ऑर्मंडपासून लांब जातो आणि आंधळा ऑर्मंडकडे येतो. सगळं दिसत असलेला माणूस पोचायच्या ठिकाणी पोचला की ‘जिंगल’ बंद पडतो, आणि उरलेलं प्रकरण चाचपडणाऱ्या काठीच्या ताब्यात जातं.

या दोहोंच्या मध्ये प्रकरणातलं सगळ्यात मोठं गाणं होतं. सायमन डेडलस फ्लोटो या जर्मन संगीतकाराच्या ‘मार्था’ या ऑपेरातलं टेनरचं प्रसिद्ध गाणं इंग्रजीत म्हणतो. योगायोग असा की ब्लूम ज्या बाईला खोट्या नावाने चोरून पत्रं लिहितो तिचं नावही मार्था. गाण्याच्या शेवटाला ‘कम!’ हा वरचा स्वर लांबवायचा असतो. गायक स्वर धरून ठेवू शकतो, गद्याला ते जमत नाही. कागदावर शब्द लिहिला की तो संपला. जॉइसने केलं काय, तर पूर्णविराम द्यायचं नाकारलं. ‘इट सोअर्ड, अ बर्ड, इट हेल्ड इट्स फ्लाइट, अ स्विफ्ट प्युअर क्राय, सोअर सिल्व्हर ऑर्ब इट लीप्ट सिरीन’, आणि वाक्य चढतच जातं. मध्येच ऐकणाऱ्याची धास्ती डोकावते: फार ताणू नकोस बाबा, दम पुरायला हवा. मग ‘हाय’ पुन्हा पुन्हा, ‘ऑल’ पुन्हा पुन्हा, आणि टोकाला ‘एंडलेसनेसनेसनेस’. शेवटी शब्द राहिलेलाच नाही, प्रत्ययच स्वतःला लांबवत बसला आहे. वाचणाऱ्याचाही दम संपत आलेला असतो, आणि तेव्हाच ‘टू मी!’वर गाणं कोसळतं आणि पाठोपाठ एक अजब नाव येतं: ‘सिओपोल्ड!’ गायक सायमन, ऑपेरातला प्रियकर लायनल आणि ऐकणारा लिओपोल्ड, तिघांची नावं एकमेकांत वितळलेली. चांगलं गाणं ऐकताना गाणारा आणि ऐकणारा वेगळे उरत नाहीत, हे संगीतावर लिहिणाऱ्यांनी पानंच्या पानं खर्चून सांगितलं आहे. इथे ते एका शब्दाच्या हाकेत उरकतं.

सगळीकडेच हे इतकं साधतं असं नाही. बहिरट वेटर पॅटवरचा तो परिच्छेद घ्या: ‘पॅट इज अ वेटर हू वेट्स व्हाइल यू वेट’, आणि मग ही ही ही ही. वेट या शब्दावर इतका वेळ कोटी चालते की हसू विरून जातं. ब्लूमच्या कंटाळ्याची नक्कल आहे असा बचाव समीक्षक करतात. पण कंटाळ्याची नक्कल हुबेहूब साधली तर वाचकाच्या पदरीही कंटाळाच पडतो.

जॉइसच्या जवळच्या माणसांनाही हे प्रकरण झेपलं नव्हतं. कवी एझरा पाउंडचं म्हणणं पडलं की दर प्रकरणाला नवी शैली हवीच असं नाही. जॉइसला वर्षानुवर्षं पैसे पुरवणाऱ्या हॅरिएट वीव्हर यांनीही शंका काढली. ऑगस्ट १९१९च्या पत्रात त्याने त्यांना उत्तर दिलं की या प्रकरणात ‘फ्यूगा पेर कानोनेम’चे (फ्यूग म्हणजे एकच सुरावट अनेक आवाज पाठोपाठ उचलतात अशी पाश्चात्त्य संगीतरचना) आठ भाग आहेत. तेव्हापासून अभ्यासक ते आठ भाग शोधत होते. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००२ मध्ये विकत घेतलेल्या हस्तलिखितांमध्ये या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यासोबत आठ भागांची इटालियन यादीच निघाली. यादी मिळाली तरी माझं मत बदलत नाही. फ्यूगमध्ये तीन-चार स्वरावली एकाच क्षणी वाजतात आणि गद्याची ओळ मात्र एका वेळी एकच शब्द उच्चारते. जॉइसने खरोखर जे केलं ते जास्त साधं आणि जास्त धूर्त आहे. त्याने एका प्रसंगात दुसऱ्या प्रसंगाचा एक शब्द खुपसला आणि दोन्ही एकाच वेळी चाललेत ही जाणीव वाचकाच्या आठवणीवर सोडली. संगीतातली बहुस्वरता कानात घडते, ही स्मृतीत घडते. या खटाटोपाची किंमतही त्याने मोजली. प्रकरण पूर्ण झाल्यावर त्याने सांगितलं होतं की संगीतातल्या साऱ्या क्लृप्त्या आता दिसायला लागल्या, त्यामुळे ऐकण्यातला आनंद गेला.

उलट्या दिशेचा प्रयोगही झाला. १९५८ मध्ये मिलानच्या रेडिओ स्टुडिओत संगीतकार लूचानो बेरिओने गायिका कॅथी बर्बेरियनच्या आवाजात सुरुवातीच्या ओळी ध्वनिमुद्रित केल्या आणि टेप कापून, उलटसुलट जोडून ‘तेमा (ओमाज्जो आ जॉइस)’ ही रचना केली. सगळे स-कार सापासारखे फुत्कारतात, ब चे बुडबुडे उठतात. ऐकायला विलक्षण आहे. पण त्यात बॉयलन कुठेच जात नाही. जाण्याला जागा लागते, वेळ लागतो, आणि आधीच्या सकाळची आठवण लागते. नुसता नाद वेगळा काढला की त्यातली भीती निघून जाते.

एक बारीक धागा राहिला. होमरच्या ‘ओडिसी’त सायरन्सचं गाणं ऐकूनही जीव वाचवण्यासाठी नायक ओडिसियस, म्हणजेच युलिसिस, स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो. इथे ब्लूम पुडक्याला लावलेला रबरबँड काढून बोटांभोवती गुंडाळतो, ताणतो, आणि जॉइस मुद्दाम बेड्या घालण्याचं क्रियापद वापरतो. मग ब्लूम ती दोरी छेडतो: ‘इट बझ, इट ट्वँग्ड.’ बारमध्ये मिस डूसने वाजवला तोही इलॅस्टिकच होता. एकाचा ‘स्मॅक’ भर बारमध्ये, बॉयलनसाठी. दुसऱ्याची गुणगुण जेवणघरात, कुणासाठीच नाही.

प्रकरणाचा शेवट हॉटेलबाहेर, रस्त्यावर होतो. काचेमागे रॉबर्ट एमेट या १८०३ मध्ये फाशी गेलेल्या आयरिश बंडखोराचं चित्र आहे, खाली त्याचे शेवटचे शब्द: माझा देश जगातल्या राष्ट्रांमध्ये आपली जागा घेईल तेव्हाच माझा समाधिलेख लिहिला जावो, माझं बोलणं संपलं. ब्लूम हे वाचतो आहे आणि दुपारच्या बर्गंडी वाइनने पोटात वायू धरला आहे. मागे कुणी नाही, ट्राम येते आहे, तिचा ‘क्रान क्रान क्रान’ सगळं झाकून टाकेल. तीन ओळी एकमेकींत गुंफत जातात: एमेटची वाक्यं, ट्रामचा खडखडाट, पोटातली गुरगुर. दिवसभर इतरांचं गाणं ऐकणाऱ्या ब्लूमची पाळी येते तेव्हा त्याच्या वाट्याला हा एकच सूर आहे, ‘प्प्र्र्प्फ्फ्र्र्प्प्फ्फ्फ्फ’, ज्यात इम्पर्थ्न्थ्नच्या शेपटासारखाच एकही स्वर नाही. आणि मग ‘डन’. एमेटचं वाक्यही त्याच शब्दावर संपतं, ब्लूमचं कामही.